मंडळी आत हाय

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्न होऊन नांदे गावात आले तेव्हा उंबऱ्यावर माप ठेवून सगळ्या बायांनी मला अडवलं, नाव घे म्हणून, आणि मी खाली मान घालून अशी गप्प उभी राहिले की पायाला मुंग्या आल्या, शेवटी सासूबाईच वैतागून म्हणाल्या, "येऊ द्या गं तिला आत, चुलीवरलं दूध उतू जाईल." तेव्हापासून हे मला चिडवायचे. शेतातून दमून आले की, तापाने पडले की, आणि विलास झाला तेव्हा तर पाळण्याची दोरी धरून, "एकदा तरी माझं नाव घे की गं, मरायच्या आदी ऐकू दे." मी म्हणायची, "आवो म्हटलं की ओ देता ना? मग झालं तर!" रेशनच्या दुकानात कुणी मालकाचं नाव विचारलं की मी मुकाट्याने कार्ड पुढे करायची. हट्ट म्हणा, लाज म्हणा, पण त्या हट्टात आम्हा दोघांचं असं काहीतरी होतं जे तिसऱ्याला कळण्यातलं नव्हतं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करावी असं आमच्याकडे काही नाहीच. समोरच्या शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या तरी मागच्या अंगाने नदीकडचं वारं अजून येतं, वरच्या खोल्यांना भाडेकरू चांगले मिळतात, दोन वेळचं सुखाने शिजतं. आणि यांचं तर विचारूच नका, हे अगदी आनंदात आहेत.

मागे यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा मात्र तसं नव्हतं. आधी माणसांची नावं गेली, मग वाटा गेल्या, मग कपडे. पायजम्याच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभे राहायचे आणि पुढे काय करायचं ते सुचलं नाही की रडकुंडीला यायचे. लवळ्याला पुतणीच्या लग्नात सदरा उलटा घालून, शिवणी सगळ्या बाहेर, टोपी तेवढी ताठ, असे पहिल्या रांगेत बसले. गावचं सरपंचपद भूषवलेला माणूस! लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण माझी तिथे जेवणावरची वासनाच उडाली.

माझी अख्खी नोकरी अंगणवाडीत गेली. अर्ध्या गावाला चड्डी घालायला आणि बटण लावायला मी शिकवलंय, आज मोठाल्या गाड्यांतून फिरतात तेसुद्धा त्यात आले. पण घरचा माणूस माझ्या हाताला बधेना. मी सदऱ्याला हात लावला की हे झटकून टाकायचे. एका सकाळी माझ्याकडे असं बघितलं, की मी कधी न पाहिलेला कुणी गृहस्थ उभा आहे असं मला वाटलं, आणि म्हणाले, "कोन गं तू? परक्या मान्साच्या अंगाला हात लावती, लाज न्हाई वाटत?" त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून रडले. आजारपण सोसेन, हागणं-मुतणं काढेन, पण यांनी मला ओळखावं, एवढं एकच मागणं होतं माझं. बाकी देवाने काहीही करावं.

विलास सूसला फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणाला, "आई, आपण एक माणूस ठेवू. नाहीतर अशा लोकांची एक चांगली संस्था आहे, तिथे..."

"तुझ्या बापाला मी संस्थेत टाकू? आधी मला टाक," म्हटलं, आणि फोन ठेवला. रागीट आहे मी, नाही असं नाही.

तेव्हा वरच्या खोलीत जुईली भाड्याने राहायची. परभणीकडची पोर, चुणचुणीत, लवळ्याच्या कॉलेजात कसलंसं संशोधन करायची. तिने एकदा माझे सुजलेले डोळे बघितले आणि हळूच सांगितलं, की आजी, आम्ही नेमकं हेच बनवतोय. विसरणाऱ्या माणसांना आपले कपडे आपणच घालता यावेत, दुसऱ्याचा हात लागू नये, यासाठी एक कपाट. मी म्हटलं, बाई, कपाट काय कपडे घालणार? पण महिन्याभरात टेम्पोतून ते आलंच. दिसायला साधं, खणांचं, वर काचेचा एक बारीक डोळा. सकाळी एकेक खण आपणहून उघडायचा, त्यात दिवा लागायचा, आणि आतून आवाज यायचा, आता हे घाला, आता ते घाला. कपड्यांना आतल्या बाजूने काळ्यापांढऱ्या चौकटींचे बिल्ले शिवायचे होते, म्हणजे उलटा सदरा घातला की बिल्ले कपाटाला दिसणार आणि ते सांगणार. बिल्ले मीच शिवले, घट्ट दुहेरी दोऱ्याने.

पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. कपाटात पुण्याच्या कुणा बाईंचा आवाज भरला होता, अगदी गोड, "कृपया आपला उजवा हात बाहीत घाला." यांनी कमरेचा पंचा घट्ट धरला, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमी आदी भाईर जा. परक्या बाईसमोर मी कापडं घालू व्हय?" आणि अंघोळ करून तसेच उघडे, थंडीत कुडकुडत, कोपऱ्यात उभे राहिले. जुईलीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आजी, आवाज तुमचाच पाहिजे."

तिच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत मी ती वाक्यं बोलले. जुईलीचं म्हणणं, प्रत्येक वाक्याच्या आधी नाव घ्या. "'बहिरू, आधी बंडी घाला,' असं म्हणा. आपलं नाव ऐकलं की पेशंटचं लक्ष लागतं, हे सिद्ध झालंय."

"सिद्ध करणाऱ्याला बायको असती तर कळलं असतं त्याला," मी म्हटलं. "मी नाव घेत नसते. आवो म्हणेन, त्यांचं लक्ष लागेल."

तिने पुष्कळ मनवलं. मी हटले नाही. आणि मग सगळी वाक्यं रोज बोलते तशी बोलले: आवो, ऐकलं का, आधी बंडी. आवो, उलटा घातलाय, काडा बरं. नाडी वडा, आता गाठ मारा. मधेच मला खोकला आला, तो मी अर्धा गिळला; जुईली म्हणाली राहू द्या, नंतर कापते, पण तो काही तिने कापला नाही. शेवटचं वाक्य होतं, "झालं बगा. आता चहाला या."

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी होते. खण उघडला, दिवा लागला, माझा आवाज म्हणाला, "आवो, ऐकलं का." आणि हे चमकून हसले. किती दिवसांनी! बंडी घातली, सदरा घातला, बाही चुकली तर "व्हय, व्हय, काडतो" असं म्हणून काढून पुन्हा घातला. नाडीशी बराच वेळ झटले, पण गाठ आपली आपण मारली. डोक्यावर टोपी ठेवून जेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मला ते लग्नातल्यासारखे दिसले, आणि चहात साखर घालायची ती मी दोनदा घातली.

त्यानंतरचे महिने खरंच सुखाचे गेले. हे इस्त्रीच्या सदऱ्यात ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचे, समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून "हितं आमचा हरभरा व्हता" म्हणून साइटवरच्या वॉचमनला सांगायचे. माणूस ठेवण्याचा विषय विलासने पुन्हा काढला नाही. जुईलीच्या कॉलेजातले सर येऊन बघून गेले आणि माझ्या पाया पडले. मी आपली फुशारून गेले होते.

एवढंच की हे कपाटाशी बोलायला लागले. त्यात काय, मीही दुधाच्या पातेल्याशी बोलते. पण कपडे घालून झाले तरी हे खोलीतून निघेनात. दार लोटून घ्यायचे आणि आतून यांचं हळू हळू बोलणं यायचं, मधे थांबायचे, मग हसायचे, कुणी काहीतरी म्हटल्यासारखे. एकदा बुंदीचा लाडू खणात ठेवलेला सापडला, रुमालात गुंडाळून.

"हे कुणाला ठेवलंय?" मी विचारलं.

"मंडळीला," हे म्हणाले. "ती काय भाईर येत न्हाई. लई काम असतं तिला."

"आणि मी कोण मग?"

यांनी माझ्याकडे नीट, मायेने बघितलं. पूर्वीसारखे रागावले नाहीत, झटकलं नाही. म्हणाले, "तुमी पावन्या. बसा की, उब्या का?"

मला हसू आलं. बाई गं, माझ्याच घरात मला सवत, आणि तीही माझ्याच आवाजाची! विलासला फोनवर सांगितलं तेव्हा तोही हसला. दारात माझे चपलांचे दोन जोड असतात, एक चिखलाचा, परसात वापरायचा, आणि एक गावात जायचा. मी पाय जरा फेंगडा टाकते म्हणून दोन्हींच्या टाचा डावीकडे झिजलेल्या. तर त्यातला गावात जायचा जोड हे रोज सकाळी तोंड रस्त्याकडे करून नीट मांडून ठेवायला लागले, पाहुण्यांचा ठेवतात तसा. मी तो पुन्हा वळवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. हसण्यावारी नेत होते, पण मनातून लागत होतं. एकच मागितलं होतं मी, आणि ते कपाटाला मिळालं होतं.

मग ती सकाळ. मी लसूण सोलत बसले होते. आतून नेहमीची वाक्यं येत होती, बंडी झाली, सदरा झाला, माझा तो अर्धा खोकला झाला, आणि त्यानंतर, माझ्या आवाजात, हळू, लाडाने, यांचं नाव आलं. नुसतं नाव. मागे-पुढे काही नाही.

आणि यांनी "ओ" दिली. अशी "ओ" मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

परात तशीच टाकून वर गेले. जुईली ऑनलाइन मीटिंगमध्ये होती, तिला उठवलं. "माझ्या तोंडी नाव कुणी घातलं?" तिला आधी कळेना. मग तिने लॅपटॉपवर त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग लावलं. आवो ऐकलं का, आवो उलटा घातलाय, खोकला. आणि खोकल्यानंतर, माझ्या आवाजात, नाव.

"तुम्हीच घेतलंय की, आजी," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही लाजताय, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही."

"मी घेतलेलं नाही."

"पण हे बघा ना, तुमचाच आवाज आहे. मी काही जोडलेलं नाही यात." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी सांभाळून विचारलं, "आजी, तुम्हाला हल्ली कधी असं... काही आठवत नाही असं होतं का?"

मी तिच्यावर अशी उखडले की बिचारीचे डोळे भरून आले. मला सगळं आठवतं. उंबऱ्यावरचं माप आठवतं, पाळण्याची दोरी आठवते. जी गोष्ट जन्मभर राखून ठेवली ती कधी खर्चली हे बाईला आठवणार नाही होय?

ती म्हणाली, हवं तर ते काढून टाकते, किंवा कपाटच घेऊन जाते. मी म्हटलं, बघू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, कपाटाचं बटण मीच बंद केलं.

हे अंघोळ करून आत गेले. खण उघडला नाही, दिवा लागला नाही. मी दारात जाऊन म्हटलं, "आवो, ऐकलं का, आधी बंडी." तोच आवाज, तेच शब्द. यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ओल्या पंच्यात तसेच कपाटासमोर बसून राहिले. मी बंडी पुढे केली तर हळूच बाजूला सारली. उन्हं माथ्यावर आली तरी तिथेच. अंगावर शहारे, ओठ निळसर झालेले, आणि लहान पोरासारखे खणांवरून हात फिरवत म्हणत होते, "ती बोलंना. रुसली का गेली गं ती? का मेली?" 

मला बघवेना. आपण जिवंत असताना आपल्याच मरणावर रडणारा नवरा बघायचा, हे कुठल्या बाईच्या नशिबी येतं? मी बटण लावलं. "आवो, ऐकलं का," ती म्हणाली, आणि हे डोळे पुसत उठून उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला, तेही खरंच.

कपाट न्यायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं. ते गेलं तर परका माणूस येईल, नाहीतर संस्था. आणि हे जे हसू परत आलंय ते जाईल. जुईलीचं काम संपलं, ती बंगळूरला गेली, जाताना कपाट आम्हालाच देऊन गेली. पण माझं मागणंही मी सोडलं नव्हतं. मी पुष्कळ विचार केला. ती कपाटातली माझ्यापुढे गेली ती कशाने? आवाज माझा, शब्द माझे, खोकला माझा. तिच्याजवळ जास्तीचं होतं ते एवढंच, की तिने नाव घेतलं. मग मीही घेईन, म्हटलं. इतकी वर्षं मागत होते बिचारे. आता कुठली लाज आणि कुणाची?

सकाळी लवकर उठून न्हाले. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, केसांत अबोली माळली. यांची अंघोळ झाली, हे आत गेले, दार लोटलं. मी ओट्यावर येऊन उभी राहिले, कारण घरात उभं राहून ते तोंडातून निघेचना. बाहेरच्या दारातून, नव्या नवरीसारखी, उंबऱ्याच्या अलीकडून म्हणावं, असं वाटलं. आतून नाडीचं झालं, गाठीचं झालं. मग थोडी सामसूम झाली, आणि मी हाक मारली.

"बहिरू."

केवढं सोपं होतं! उगाच एवढी वर्षं घातली मी. तोंडात कसं गोड वाटलं.

आतून काहीच आलं नाही. मग खोकला आला, तो अर्धा गिळलेला. आणि मग माझा आवाज, शांत, घरच्या बाईचा, हातात काम असताना बोलावं तसा: "आवो, बगा बरं, भाईर कोनतरी बाई आलीया."

"व्हय, बगतो," हे म्हणाले.

दार उघडून हे बाहेर आले. सदरा पांढराशुभ्र, बटणं सगळी जागच्या जागी, टोपी सरळ. माझ्याकडे बघून तोंडभर हसले, हात जोडले. "या, या. उब्या का अशा? बसा. मंडळी आत हाय, येईलच इतक्यात. च्या ठेवतो तवर."

आणि खरंच यांनी चहा ठेवला. जन्मात कधी चुलीपाशी न गेलेला माणूस. आलं ठेचल्याचा आवाज आला, कपबशी खुळखुळली. मी ओट्यावर बसले होते, ऊन कोवळं होतं, समोर सोसायटीच्या गेटात शाळेची बस थांबली होती. आयता चहा हातात आला, पुरता गोड, वर साय. आम्ही दोघं प्यायलो. पाऊसपाण्याचं बोललो, विलासचं बोललो. "आमचा पोरगा सूसला असतो," यांनी सांगितलं. मी म्हटलं, "हो का, चांगलं आहे." मंडळी मात्र आली नाही, कामात असेल. मी कप विसळायला उठले तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पावन्यांनी कप विसळायचा नसतो." किती अदबीने! इतकं बरं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं. मी पदर सावरला आणि म्हटलं, "येते मग."

"या की उद्याबी," हे म्हणाले.

पायरीजवळ चपलांचे दोन जोड होते. एक तोंड रस्त्याकडे करून नीट मांडलेला, तो माझा. तो मी पायात घातला. दुसरा चिखलाचा, डावीकडे टाच झिजलेला, घरच्या बाईचा. येता-जाता कुणाचा पाय लागू नये म्हणून मी तो हाताने उचलून भिंतीशी ठेवला.